आफ्टरस्कूल, मुलांचं मानसिक आरोग्य आणि राज्यभराचं जाळं - सुरुवात कुठून करायची?

सांजपाखरू

मी न्यू जर्सीत एका सरकारी शाळेतल्या आफ्टरस्कूल प्रोग्रॅमची साईट कोऑर्डिनेटर आहे. इथे अमेरिकेतले बरेच पालक आहेत, काही शिक्षक आहेत, एकदोन जण काउन्सेलिंगमधलेही आहेत, आणि मुलांच्या डिप्रेशन-अँक्झायटीवर आपण वरचेवर बोलतो, पण ते सगळं घर आणि शाळा याच दोन टोकांमध्ये फिरत राहतं असं मला वाटतं. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंतचे तीन तास कुणाच्या हिशेबातच नसतात. आणि मला तर रोज दिसतं की मुलं जे काही बोलतात ते नेमकं त्या तीन तासांत बोलतात. वर्गात घंटेमागे घंटा, घरी आलं की जेवण, होमवर्क, झोप. आमच्याकडे स्नॅक खाताना, रंगाचे ब्रश धुताना, पिकअपची वाट बघत बसलेलं असताना मूल सैल होतं, आणि समोर जो असेल त्याच्याशी बोलतं.

एक प्रसंग सांगते, मुलीची ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. सातवीतली मुलगी, होमवर्कच्या टेबलावर एकच गणित लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती, शेवटी वहीचं पान फाटलं. शेजारी आमचा स्टाफ म्हणजे कम्युनिटी कॉलेजात शिकणारा विशीतला मुलगा. त्याने नुसतं विचारलं, आज गणित नको वाटतंय का. तर ती वर न बघता म्हणाली, मला काहीच नको वाटतंय, सकाळी उठायचंसुद्धा नको वाटतं, खूप दिवस झाले.

आता बघा, त्या वेळी शाळेची काउन्सेलर घरी गेलेली, नर्स गेलेली, ऑफिसला कुलूप. आमचा प्रोग्रॅम चालवते ती संस्था वेगळी, शाळेची नाही. त्या मुलाने काय करायचं? आमच्याकडे त्याला माहीत होतं, कारण साईन-आऊटच्या टेबलामागे एक कागद लावलेला आहे, त्यावर कुणी आधी कुणाला सांगायचं, घरी फोन कोण करणार, संध्याकाळी ऑफिस बंद असताना कुठला नंबर, जीवाला धोका वाटला तर काय, एवढं सगळं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. तो तिच्याजवळच बसून राहिला आणि दुसऱ्या स्टाफला मला बोलवायला पाठवलं. मी आईला फोन केला. आमच्या राज्यात मुलांसाठी मोबाईल रिस्पॉन्स म्हणून सोय आहे, चोवीस तास, फोन केला की साधारण तासाभरात प्रशिक्षित माणूस घरी येतो, तर आईच्या संमतीने त्याच संध्याकाळी माणूस आला. पुढचं मी इथे लिहिणार नाही, पण मुलगी आता नियमित मदत घेतेय.

हा कागद आमच्या साईटवर आहे, पण माझ्या ओळखीच्या कितीतरी साईटवर नाही. तिथली माणसं काही कमी जीव लावणारी नाहीत हो, त्यांना कुणी तो कागद तयार करूनच दिलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा कागद, त्यामागचं ट्रेनिंग आणि त्यावरच्या नंबरमागची माणसं हे सगळं राज्य पातळीवर जुळवायला हवं, प्रत्येक साईटच्या नशिबावर सोडून चालणार नाही. तुमच्या राज्यात काय आहे, काय चालतं, काय नाही ते लिहा प्लीज.

पैलतीर

चांगला धागा ताई. मी टेक्सासला, मुलगी नववीत. एक प्रामाणिक प्रश्न, राज्य पातळीच का? आमच्याकडे तर बहुतेक गोष्टी स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या शाळांचा कारभार बघणारं मंडळ) ठरवतो आणि डिस्ट्रिक्ट एवढे मोठे आहेत की त्यांचंच एक राज्य असल्यासारखं. शिवाय आमच्याकडे टीचॅट नावाची सोय आहे, २०१९ साली विधिमंडळाने जे चाइल्ड मेंटल हेल्थ कन्सोर्टियम काढलं त्याचाच भाग, शाळेने रेफर केलं की मेडिकल युनिव्हर्सिटीतले तज्ज्ञ मुलाशी व्हिडिओवर बोलतात, थोडी सेशन्स असतात आणि पालकांना पैसे पडत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला खूप उपयोग झाला. मग आणखी वेगळं नेटवर्क कशाला?

सांजपाखरू

@पैलतीर, दादा तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे बघा. टीचॅट फार चांगली गोष्ट आहे, पण रेफर कोण करणार तर शाळा. संध्याकाळी पाच वाजता एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर बॉईज अँड गर्ल्स क्लबमध्ये एखादा मुलगा आमच्यासारख्या माणसाशी बोलला, तर त्या माणसाने शाळेपर्यंत निरोप पोचवायचा कसा? सोय आहे, मूल आहे, आणि मधली वाट नाही. डिस्ट्रिक्टने ठरवलं तर ती वाट होते, नाही असं नाही, पण मग श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये होते आणि गावाकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये जिथे तीन शाळांना मिळून एकच काउन्सेलर आहे तिथे होत नाही. शिवाय मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, नियम राज्य ठरवतं, आफ्टरस्कूलचं लायसन्स राज्य देतं, फेडरल ग्रँट वाटतं तेही राज्यच. पैसा आणि नियम ज्या पातळीवर आहेत तिथेच बसून बोलायला लागतं.

आमच्याकडे सप्टेंबर २०२३ पासून एनजे-फोर-एस नावाची मुलांच्या मानसिक आरोग्याची योजना सुरू झालीय, राज्याचं मुलं आणि कुटुंब खातं ती चालवतं. पूर्ण राज्याचे १५ हब, म्हणजे विभागीय केंद्रं, केलेत आणि प्रत्येक हबमधून माणसं शाळांत, लायब्ररीत, कम्युनिटी सेंटरमध्ये जातात. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते की मुलाने ऑफिसात यायचं नाही, मूल जिथे आहे तिथे माणसाने जायचं. अजून सगळीकडे सारखं पोचलेलं नाही हे खरं, पण ढाचा बरोबर आहे.

उंबरठा

मी ग्रँटच्या कामात आहे, त्यामुळे पैशाची बाजू लिहितो, थोडं लांबेल.

आफ्टरस्कूलसाठी म्हणून फेडरल सरकारचा स्वतंत्र पैसा एकच, ट्वेन्टी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स. कायद्यात तो १९९४ साली आला, नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड या शिक्षण कायद्यानंतर वाटपाचं काम राज्यांकडे गेलं, आणि आता वर्षाला साधारण १.३ अब्ज डॉलर असतात. आकडा मोठा वाटतो पण देशभर वाटला की काही उरत नाही. आफ्टरस्कूल अलायन्स या देशपातळीवरच्या संस्थेच्या २०२० च्या सर्व्हेत निघालं होतं की प्रोग्रॅममध्ये असलेल्या प्रत्येक मुलामागे तीन मुलं अशी आहेत ज्यांच्या आईबापांना हवंय पण जागाच नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. या पैशातला ५ टक्क्यांपर्यंतचा भाग राज्याला स्वतःकडे ठेवता येतो, ट्रेनिंग, तांत्रिक मदत, मूल्यमापन अशा कामांसाठी. म्हणजे सांजपाखरू म्हणतायत तो कागद आणि त्यामागचं ट्रेनिंग सगळ्या साईटना द्यायचं ठरवलं तर नवा कायदा लागत नाही, राज्याच्या शिक्षण खात्यातल्या माणसाने तो पैसा तिकडे वळवायचा असतो. आणि ते त्याला कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.

ते सांगणारे लोक म्हणजेच राज्याचं आफ्टरस्कूल नेटवर्क. फ्लिंट, मिशिगनच्या मॉट फाउंडेशनने २००२ पासून अशी नेटवर्कं उभी करायला पैसा द्यायला सुरुवात केली आणि आज पन्नासही राज्यांत एकेक आहे. ती स्वतः प्रोग्रॅम चालवत नाहीत, प्रोग्रॅम चालवणारे, शिक्षण खातं, आरोग्य खातं, आमदार यांना एका टेबलाशी आणतात. तुमच्या राज्याचं नेटवर्क कुठलं ते शोधा आणि त्यांच्या मेलिंग लिस्टवर नाव घाला, खरंच. आपले लोक पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघात) भरपूर काम करतात, इकडे मात्र फारसे दिसत नाहीत.

कोरा_कागद

सगळं वाचतेय. मला पटतंय पण भीतीही वाटते, ती लिहिते, कुणी रागावू नका. माझा मुलगा सहावीत, आफ्टरस्कूलला जातो कारण आम्ही दोघं सहाच्या आधी पोचतच नाही. तिथली मुलं (स्टाफ म्हणजे) गोड आहेत पण ती मुलंच आहेत. अशा कुणीतरी माझ्या मुलाकडे बघून ठरवायचं की याला डिप्रेशन आहे, मग ते कुठेतरी लिहिलं जायचं, ते शाळेत जायचं, पुढे कॉलेजला दिसेल का, आणि आमचं ग्रीन कार्ड अजून लाईनमध्ये आहे, काही सरकारी ऑफिसातून फोन आला की पोटात गोळाच येतो. माझ्यासारख्या अनेक आया असतील ज्या तोंडाने बोलणार नाहीत पण कन्सेंट फॉर्मवर सही करणार नाहीत.

रानजाई

@कोरा_कागद, रागवायचं काय त्यात, हा प्रश्न प्रत्येक शाळेत उठतो आणि उठायलाच हवा. मी कॅलिफोर्नियात मिडल स्कूलची काउन्सेलर आहे.

पहिलं म्हणजे आफ्टरस्कूलच्या स्टाफने निदान करायचंच नसतं. युथ मेंटल हेल्थ फर्स्ट एड म्हणून साधारण एका दिवसाचं ट्रेनिंग असतं, त्यात शिकवतात ते एवढंच, की बदल लक्षात घे, न घाबरता ऐकून घे, आणि योग्य माणसापर्यंत ने. डिप्रेशन हा शब्द त्यांनी वापरायचाच नाही. त्यांनी मला सांगायचं ते असं, की दोन आठवडे झाले, हा मुलगा जेवण टाकतोय, एकटाच बसतोय, आणि परवा असं असं म्हणाला. बस. माझ्यासाठी हे वाक्य सोन्याचं असतं, कारण मला मूल भेटतं महिन्यातून एकदा. काउन्सेलर संघटना म्हणते एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत, देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे, आणि माझ्याकडे त्याहून जास्त आहेत. कोण गप्प झालंय हे मला आपोआप कसं कळणार?

दुसरं, माहिती. शाळेच्या रेकॉर्डला फर्पा हा विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवण्याचा कायदा लागतो, पालकांच्या लेखी संमतीशिवाय आम्ही तो बाहेरच्या संस्थेला देऊ शकत नाही, काही अपवाद आहेत, त्यातला महत्त्वाचा म्हणजे जीवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका. थेरपिस्टच्या नोंदी शाळेच्या फाईलपासून वेगळ्या राहतात. कॉलेजला ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेड्सचा उतारा) जातं, त्यात काउन्सेलिंग नसतं. एक मात्र स्पष्ट सांगते, मुलाचा छळ किंवा दुर्लक्ष होतंय असा रास्त संशय आला तर कळवणं आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे, आणि बहुतेक ठिकाणी आफ्टरस्कूलच्या माणसांनाही. ते लपवू नये, कन्सेंट फॉर्मवर पहिल्याच पानावर लिहावं. पालकांना आधी माहीत असलं की विश्वास बसतो. इमिग्रेशनचं तुमच्या केसबद्दल मी काही सांगणार नाही, ते वकिलालाच विचारा, पण मूल काउन्सेलरशी बोललं म्हणून त्याची खबर इमिग्रेशनला देणं हे आमच्या कामात कुठेही बसत नाही.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांसाठी, कारण आपल्या लोकांत हा समज फार घट्ट आहे. मुलाला सरळ विचारलं की तुझ्या मनात मरायचे विचार येतात का, तर त्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलं सुटल्यासारखा श्वास घेतात, कुणीतरी विचारलं म्हणून. विचारायचं शांतपणे, उत्तर ऐकायचं पूर्ण, आणि हो आलं तर एकटं सोडायचं नाही आणि ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाईनला फोन किंवा मेसेज करायचा. ९८८ जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे, आणि पालकानेसुद्धा मुलाच्या काळजीपोटी केला तरी चालतो.

झुळूक

मी दोन समर आफ्टरस्कूलला काम केलंय, आता सोशल वर्क शिकतेय. तुम्ही सगळे स्टाफ स्टाफ म्हणताय म्हणून लिहावंसं वाटलं. आम्हाला ताशी पगार, पार्ट टाईम, सेमिस्टर बदललं की आम्ही जातो. मुलाला जीव लागतो आणि तेवढ्यात ते माणूस गायब. ट्रेनिंग चांगलं झालं तरी घेणारा वर्षभरात सोडून जात असेल तर काय उपयोग. मला जर विचाराल तर नेटवर्कने सगळ्यात आधी पगारावर आणि स्टाफ टिकवण्यावर बोलावं. आणि ट्रेनिंगच्या तासांचे पैसे द्यावेत, माझ्या एका साईटवर ते फुकटात घरी बसून बघायला सांगितलं होतं, कोण बघतं हो रात्री अकरा वाजता.

अजून एक, एखाद्या मुलाने असं काही सांगितलं की त्या रात्री आपल्यालासुद्धा झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याशी बोलणारं कुणीतरी हवं.

सांजपाखरू

@झुळूक, अगदी अगदी. तुझी शेवटची ओळ मी माझ्या वरिष्ठांना दाखवणार आहे, तुझी हरकत नसेल तर. त्या मुलीच्या प्रसंगानंतर आमच्या त्या मुलाने, म्हणजे स्टाफने, आठवडाभर मला रोज विचारलं की ती आली का. मी त्याला पंधरा मिनिटं घेऊन बसत होते पण ती काही पद्धत नव्हे, ते माझ्या वेळेवर अवलंबून. हबमधल्या क्लिनिशियनने महिन्यातून एकदा परिसरातल्या सगळ्या साईटच्या स्टाफबरोबर तासभर बसायचं असं ठरलं तर खर्च फार नाही आणि माणसंही टिकतील.

@रानजाई ताई, तुमच्याकडे कॅलिफोर्नियात प्रपोझिशन ४९ या मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्यामुळे आफ्टरस्कूलला कायमचा पैसा आहे ना? २० मुलांमागे एक स्टाफ हा नियम कुठे कसा पाळला जातो ते ऐकायचंय.

रानजाई

हो, ते २००२ च्या मतदानात पास झालं, अभिनेते श्वार्झनेगर गव्हर्नर व्हायच्या आधी, त्यांनीच पुढाकार घेतला होता. प्रत्यक्ष पैसा मात्र २००६-०७ ला सुरू झाला, वर्षाला ५५ कोटी डॉलर. त्यात लिहिलेलं आहे की सहा वाजेपर्यंत तरी चालू ठेवायचं आणि २० मुलांमागे एक. २०२१ पासून वर आणखी एक्स्पांडेड लर्निंगचा कार्यक्रम आला, तो तर पूर्ण अमलात सुमारे ४ अब्ज डॉलरचा आहे, लहान वर्गांना दहामागे एक. नियम कागदावर पाळला जातो, पण वीसमागचा एक आजारी पडला की तिथे चाळीस होतात, आणि मग मुलाचं गप्प होणं कोण बघणार. तरी सांगते, पैसा दरवर्षी येणार याची खात्री असली की माणसं वेगळं काम करतात. आमच्या साईट लीडला दहा वर्षं झालीत, तिला घराघरातलं माहीत आहे. तेवढं तर माझ्या कुठल्याही स्क्रीनिंगच्या फॉर्मला कळत नाही.

उंबरठा

खात्रीचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून जोडतो. २०२५ च्या उन्हाळ्यात काय झालं आठवतंय का? १ जुलैला राज्यांना मिळायचा पैसा येणार नाही असं ३० जूनला कळवलं, त्यात आफ्टरस्कूलचे १.३ अब्जही अडकले. सप्टेंबरचा स्टाफ घ्यायचा की नाही हे कुणालाच कळेना. मग राज्याराज्यांतून फोन, पत्रं, आकडे, सुपरिंटेंडंटांच्या चिठ्ठ्या, आणि १० रिपब्लिकन सिनेटरांनीसुद्धा पैसा सोडा म्हणून पत्र लिहिलं. जुलै संपायच्या आत आफ्टरस्कूलचा पैसा सुटला. त्या दोनतीन आठवड्यांत ज्या राज्याच्या नेटवर्ककडे साईटची यादी, मुलांचे आकडे, कुठल्या आमदाराच्या मतदारसंघात किती मुलं हे तयार होतं, त्यांना लगेच बोलता आलं. अडचण आल्यावर यादी करायला बसलं तर वेळ निघून जातो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळांतल्या मानसिक आरोग्याच्या माणसांसाठीचे सुमारे १ अब्ज डॉलरचे ग्रँट्स पुढे चालू ठेवणार नाही असं शिक्षण खात्याने सांगितलं होतं, तो पैसा २०२२ च्या सेफर कम्युनिटीज कायद्यातला. म्हणून मी म्हणतो की राज्याचा स्वतःचा काहीतरी पैसा हवाच. व्हरमाँटने गांजाच्या विक्रीवरच्या सेल्स टॅक्सचं उत्पन्न आफ्टरस्कूल आणि समर प्रोग्रॅमला बांधून दिलंय. कोलोरॅडोत आय मॅटर नावाखाली तरुण मुलांना थेरपीची सहा सेशन्स मोफत मिळतात. आणि मेडिकेड विसरू नका, २०१४ च्या शेवटी केंद्राने नियम बदलला तेव्हापासून मेडिकेडवरच्या मुलांना शाळेत दिलेल्या सेवेचं बिल लावता येतं, इतरांना ती फुकट देत असले तरी. पण त्यासाठी राज्याला आपला मेडिकेडचा प्लॅन बदलावा लागतो आणि सगळ्यांनी बदललेला नाही. तुमच्या राज्याने बदललाय का हे विचारायला एक ईमेल पुरते.

पैलतीर

माझा प्रश्न सुटला म्हणायचा. डिस्ट्रिक्टच्या मीटिंगला मी जातो, तिथे टीचॅटबद्दल विचारेन की आफ्टरस्कूलच्या साईटवरून शाळेकडे निरोप जायची लेखी पद्धत आहे का. बाकी मुलीशी काल रात्री बोललो, म्हटलं तुझ्या आफ्टरस्कूलमध्ये तू कुणाशी बोलशील. तिने लगेच एक नाव सांगितलं, मला माहीतच नव्हता तो माणूस. शाळेतलं एकही नाव घेतलं नाही तिने.

कोरा_कागद

@रानजाई, @सांजपाखरू, मनापासून आभार, एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या साईटवर कन्सेंट फॉर्म आहे पण चार पानं आहे आणि त्यात काय लिहिलंय ते मला दोनदा वाचून कळलं नाही, माझं इंग्रजी बरं असून. सासूबाई पिकअपला जातात तेव्हा त्यांच्या हातात देतात, त्या काय वाचणार. नेटवर्क तो फॉर्म सगळ्या राज्यासाठी एकच करेल का, सोप्या भाषेत, आणि मराठी-हिंदी-गुजराती-तेलुगूत? भाषांतर मी करायला तयार आहे.

सांजपाखरू

करेल की नाही ते मागितल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही भाषांतर करता म्हणालात तर मागायला फार बरं पडेल. ऑक्टोबरात लाईट्स ऑन आफ्टरस्कूल असतं, देशभर साईट उघड्या ठेवतात, आमदार, नगरसेवक येतात. आमच्याकडे त्या दिवशी मी एका टेबलावर फक्त तो एक पानी कागद आणि छोटा कन्सेंट फॉर्म ठेवणार आहे, आलेल्या प्रत्येकाला दाखवायला. मसुदा इंग्रजीत झालाय: कोण बोलणार, काय लिहिलं जाणार, कुणाला दिसणार, कधी तुम्हाला न विचारता कळवावं लागतं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं. रानजाई ताई, कायद्याची वाक्यं एकदा बघाल का, राज्य वेगळं असलं तरी. नंतर आमच्या संस्थेच्या वकिलाला दाखवते, आणि मग कोरा_कागद, तुम्हाला पाठवते. मेसेजमध्ये ईमेल द्या, इथे नको.